कापलेल्या घागरी

नांदेडच्या वसतिगृहात माझ्या खाटेखाली तीन जुने कॅमेरे आहेत. तिन्ही एकाच जातीचे, उभट डब्यासारखे, पुढे एकावर एक दोन भिंगं असलेले. एक कंधारच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आणला, दोन मुखेडच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळाले. चालतो तो कंधारचा. बाकीच्यांचे स्क्रू आणि स्प्रिंगा त्याच्या कामी येतात. खोलीतली मुलं म्हणतात, "लोकं नवे कॅमेरे घेऊन राहिले अन् तू डबे गोळा करून राहिला!" मी हसतो. मला चटकन उत्तर सुचत नाही. रागात तर मुळीच नाही. म्हणून हे लिहून काढतो आहे.

हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. वरच्या भिंगातून आपण बघतो, खालचं भिंग फोटो काढतं. फोटो येतो चौकोनी, जितका रुंद तितकाच उंच. समोरच्या माणसाला आपण त्याच्याकडे बघतोय असं वाटतच नाही, म्हणून तो ताठ होत नाही. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मीच पहिला. कुणाकडे सरळ बघून बोलायचा मला अजून धीर होत नाही. त्यामुळेही हा कॅमेरा मला जवळचा वाटला असेल.

आमचं गाव रेणापूरजवळ. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावाला वाटलं, जिल्ह्याची कचेरी जवळ आली, आता आपलं ऐकू जाईल. पाठोपाठ दुष्काळ पडला. विहीर आटली. दिवसाआड एक टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडून निघून जायचा. पुढच्या बायकांना पाणी मिळायचं, मागच्यांना गाळ. एकाच खेपेत गाव भागत नव्हतं. दुसरी खेप पाहिजे, एवढंच गावाचं म्हणणं होतं.

सुट्टीत गेलो तेव्हा एका दुपारी विहिरीवर होतो. टँकर जाऊन बराच वेळ झाला होता. माय आणि चुलती रिकाम्या हातांनी कठड्याला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी घागरींची रांग, सगळ्या आडव्या पडलेल्या. मी काचेत बघत होतो. चुलती मायला म्हणाली, "फोटू काढतोय म्हणं, अन् बघतोय सोताच्या बेंबीकडं!" माय तोंडाला पदर न लावता खळखळून हसली. मी खटका दाबला.

रोल लातूरच्या स्टुडिओत धुवायला दिला. स्टुडिओवाल्याकडे कचेरीतल्या प्रदर्शनाचं काम होतं, नव्या जिल्ह्याच्या फोटोंचं. माझा फोटो बघून तो म्हणाला, "हा भिंतीवर लावू. मोठा करतो. तुझी माय बघंल की!" मला आनंद झाला. निगेटिव्ह त्याच्याकडेच ठेवली.

काही दिवसांनी गावातल्या बायका दुसरी खेप मागायला त्याच कचेरीत गेल्या. माय चांगलं लुगडं नेसली होती, कारण फोटोही बघायचा होता. मी सोबत होतो. टँकरचं काम बघणाऱ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. "तुमच्याच गावचा फोटो आहे. किती खूष आहेत बायका. पाणी पोचतंय की."

भिंतीवर माय हसत होती. चुलती हसत होती. फोटो आडवा होता. कमरेखालचं सगळं कापलेलं. खाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं, 'पाणी आलं दारी'.

माय जवळ गेली. फ्रेमच्या खालच्या कडेवर तिनं बोट ठेवलं. "माझी घागर कुठाय रं?"

माझी कानशिलं तापली होती. बायका परत निघाल्या आणि मी सरळ स्टुडिओ गाठला.

"घागरी का कापल्या?"

"कागद लांबट येतो भाऊ, तुझा फोटो चौकोनी. कुठंतरी कापावंच लागतं. समदेच कापतात. चेहरे तर ठेवले ना?"

तो खोटं बोलत नव्हता. लग्नाचे, बारशाचे, सगळे चौकोनी फोटो असेच कापतात. पण पट्टी कागदानं लिहिली नव्हती. ती कुणीतरी विचार करून लिहिली होती, आणि एका हसण्याच्या जोरावर माझ्या गावाचं पाणी नाकारलं होतं. मी निगेटिव्ह मागून घेतली. तिथंच ती कागदावर टेकवून जेवढ्यास तेवढा फोटो काढायला लावला. तळहातात मावेल एवढा, पण कडेपासून कडेपर्यंत पूर्ण.

दुसऱ्या दिवशी माय आणि मी परत गेलो. साहेबांनी फोटो दूर धरला. "एवढ्याशा फोटोत काय दिसणार?"

"डोळ्यापाशी धरा की साहेब," माय म्हणाली. "आडव्या पडल्यात त्या रिकाम्या घागरी हायत. टँकर येऊन गेला, त्याच्या मागनं काढलाय."

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग "बघतो" म्हणाले. छोटा फोटो त्यांनी ठेवून घेतला. संध्याकाळी एसटीला जाताना मी कचेरीत डोकावलो, तर मोठा फोटो उतरवलेला होता.

दुसरी खेप काही आली नाही. फोटो उतरवायला त्यांना एक दिवसही लागला नाही, टँकर पाठवायला मात्र 'बघतो'. परीक्षेसाठी मी नांदेडला निघालो तेव्हा चुलती वेशीपर्यंत आली होती. मी मान खाली घालूनच उभा होतो.

"बेंबीकडं बघू नगंस," ती म्हणाली. "पुढच्या बारीला त्या साहेबालाच हिरीवर आण, अन् त्याचा काढ फोटू. पर समदा काढ. पायाखालच्या गाळासकट."

नवा रोल मी भरून ठेवला आहे.