आप्पांच्या काठांच्या फायली

इंटरनेटची वायर स्वतःच्या हातानं उपटल्याशिवाय आप्पा माझ्या कॉम्प्युटरसमोर बसत नसत. वायर टेबलावर माझ्यापुढं ठेवायची, बंडीच्या आतल्या खिशातून पेन ड्राईव्ह काढायचा आणि म्हणायचं, "हं, आता लाव."

वडगावात आमच्या शेजारी राहणारे आप्पा साडीच्या काठांची डिझाईनं काढत. आधी चौकटीच्या कागदावर, नंतर कॉम्प्युटरवर. एकदा एका व्यापाऱ्याला विश्वासानं फाईल दिली, तर आठवड्यात तोच काठ परक्या मागावर निघाला. तेव्हापासून त्यांचा कायदा ठरला. "फाईल म्हंजे लेक हाय. बघायला या, न्यायला येऊ नका."

पुढं त्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. त्यातला जुना प्रोग्राम नव्यावर चालेना आणि आयुष्यभराचे काठ पेन ड्राईव्हमध्ये कोंडले गेले. मी वेबसाईटची कामं करते, म्हणून आप्पा माझ्याकडं आले. "डोळं मिटायच्या आत एकदा बघायचं हाईत गं." मी शहाणी म्हटलं, "मेल करा, बघते." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी त्यांच्यासाठी एक पान तयार केलं. बटण दाबून फाईल निवडायची. ब्राऊझर ती तिथल्या तिथं वाचतो, पडद्यावर रंगीत चौकटी मांडतो आणि बाहेर काहीच धाडत नाही. आप्पांना हे पटणं कठीण.

"गेली कुठं मग फाईल?"

"कुठंच नाही, आप्पा. वायर काढून बघा."

काढली. तरीही राघूंची एक रांग पडद्यावर उमटली. आप्पा पडद्याजवळ वाकले आणि खुदखुदायला लागले. "राघू उलट्या तोंडाचं झालं की गं. मागावर साडीची पाठ वर असती. इणणाऱ्याला पाठच दिसतीया, तोंड नेसणारीला." जन्मभर मागांचा खडखडाट ऐकला, पण हे मला ठाऊक नव्हतं. लाजत लाजत चित्र फिरवलं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी येत, पण बघायचे एकच काठ. तो कुणाच्या लग्नात कोण नेसलं होतं, हे ऐकता ऐकता माझा चहा गार व्हायचा. घाई केली तर म्हणत, "समदं एकदम बघितलं की संपतंय." एकदा मी भीत भीत विचारलं, "एक प्रत माझ्याकडं ठेवू?"

"न्हाय. शबूद दे."

मी दिला.

आप्पा गेले ते अचानक, दवाखान्यात. अंगावरच्या कपड्यांचं गाठोडं रीतीप्रमाणं स्मशानातच सोडलं. बंडीही खिशातल्या पेन ड्राईव्हसकट त्यातच होती, आणि हे आमच्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी. धावलो, पण तिथं काही उरलं नव्हतं. निम्मे काठसुद्धा बघून झाले नव्हते. मला आप्पांची फार, फार आठवण येते, आणि संध्याकाळी जास्तच.

बाराव्याला आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला आत बोलावलं. "तुझ्या मशिनीत एखादा तरी काठ असंलच की गं?"

चोरून प्रत ठेवायला प्रोग्रामची एक ओळ पुरली असती.

"न्हाय, आक्का. शब्द दिलता त्यांना."



"एखादी ठिवली असतीस तर हे काय बघायला येणार हुते गं," आक्का म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.