अठ्ठावीस प्रश्नांचा रेडिओ

राज्य नवं होतं, राज्यभाषा नवी होती आणि मीही नवाच होतो. अमरावतीहून रेडिओ दुरुस्तीची पदविका घेऊन मी बुलढाण्याच्या एका सरकारी कार्यशाळेत लागलो. जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना सरकारनं ऐकण्यासाठी रेडिओ दिले होते. ते बिघडले की दुरुस्त करायचे, एवढंच आमचं काम. माणसं तीन: साहेब, मी आणि एक शिपाई.

गावाकडून तक्रार यायची ती पोस्टकार्डावर, आणि प्रत्येक कार्डात मजकूर एकच: ‘रेडू बोलत नाही. लवकर या.’ एवढ्या आधारावर मी एसटीत बसून पार धाड गावापर्यंत जायचो आणि पाहायचो तर बॅटरीची वायर निघालेली असायची. नांदुऱ्याजवळच्या एका गावात तर रेडिओ ठणठणीत निघाला. ‘बोलत नाही’ म्हणजे त्या दिवशी कीर्तन लागलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. परत येताना धुळीनं माखलेल्या त्या गाडीत माझ्या मनात एक थोर विचार आला. गावानंच आधी रेडिओ तपासावा आणि तपासणीचा निकाल ठरलेल्या नमुन्यात लिहून पाठवावा. मग मी बुलढाण्यात खुर्चीवर बसूनच निदान करीन. डॉक्टरसुद्धा नाडी धरतो. मला तीही धरायची नव्हती.

आठ दिवस खपून मी फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू भरतील असं पत्रक तयार केलं. प्रश्न अठ्ठावीस. प्रत्येकासमोर एक चौकट, तिच्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं. इंग्रजी शब्द एकही नको, असा साहेबांचा आग्रह होता आणि माझा त्याहून जास्त. एरियलला मी ‘आकाशक’ केलं, जमिनीत गाडायच्या अर्थच्या वायरीला ‘भूतार’ केलं. ‘आकाशक अखंड आहे काय?’, ‘भूतारेचा भूमीशी संपर्क आर्द्र आहे काय?’ असे माझे प्रश्न. माझी आई नांदुऱ्यात सरकीचा भाव विचारते त्या भाषेत ‘आर्द्र’ हा शब्द कधी आला नव्हता. मी तो शब्दकोशातून काढला आणि त्या दिवशी दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

निदानासाठी माझ्याकडे एक गुप्त तक्ता होता. प्रत्येक ‘नाही’ म्हणजे एक दोष. दहाच्या वर दोष असले तर रेडिओ गावात दुरुस्त होण्यापलीकडचा, तो उचलून कार्यशाळेत आणायचा. साहेबांनी पत्रकाच्या डोक्यावर स्वतःचं पदनाम मोठ्या अक्षरात पाहिलं आणि लगेच सही केली.

पहिली उत्तरं आली ती वाचून मी कपाळाला हात लावला. ‘आकाशक अखंड आहे काय?’ यावर एका गावानं लिहिलं होतं, ‘आकाश साफ आहे, पाण्याचं चिन्ह नाही.’ दुसऱ्या गावानं अठ्ठावीसही चौकटींत ‘होय’ भरून खाली लिहिलं होतं, ‘साहेबांच्या कृपेने सर्व ठीक, फक्त रेडू बोलत नाही.’ मी हसलो. हसणं त्यांच्यावर होतं, हे आता लिहिताना जास्त लागतं.

मग उंद्रीचं पत्रक आलं. तिथला रेडिओ पंचायतीच्या खोलीत असे आणि किल्ली शेजारच्या शिंप्याकडे. शिंपी लिहिता-वाचता, अक्षर सुवाच्य. पहिल्या पाच चौकटी त्यानं नीट भरल्या होत्या: बटण फिरतं, होय, आवाज येतो, होय, आवाज पुरेसा येतो, नाही, पुढचे दोन्ही होय. पुढच्या तेवीस चौकटी मोकळ्या. मोकळ्या चौकटीचं काय करायचं, याचा विचार मी पत्रक करताना केलाच नव्हता. पण मी निर्णय घ्यायला कधीच भीत नसे. जे लिहिलं नाही ते नाहीच, असं म्हणून मी चोवीस दोष मोजले. जिल्ह्यात इतका आजारी रेडिओ दुसरा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी उंद्रीला गेलो. शिंपी काहीतरी सांगायला बघत होता. ‘‘साहेब, शिडी नव्हती म्हून—’’ एवढं तो बोलला असेल. मी पत्रकाची घडी दाखवत म्हणालो, ‘‘सगळं इथं आलंय.’’ एप्रिलचं ऊन, मांडीवर तो जड पेटारा आणि वर बॅटरी. परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, ‘‘लेकराचं तिकीट काढता का?’’ मी रुबाबात दुर्लक्ष केलं.

कार्यशाळेत रेडिओ जोडला. आमच्या अंगणातली एरियल लावली, अर्थची वायर आमच्या नळाखालच्या ओल्या मातीत खोचली. बटण फिरवताच आवाज असा खणखणीत आला की बाहेर झोपलेला शिपाई दचकून उठला. एकही दोष नाही. मी व्हॉल्व्ह काढून पाहिले, पुसले, परत बसवले. अठ्ठावीस प्रश्न एकेक करत स्वतःच सोडवले आणि प्रत्येक चौकटीत ‘होय’ लिहीत बसलो. तोवर संध्याकाळ झाली होती, रेडिओ चालूच होता, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता. सतराव्या की अठराव्या प्रश्नावर असताना कानावर शब्द आले, ‘‘मी उंद्रीचा शेतकरी. माझी जमीन चार एकर.’’

पेन थांबलं. उंद्रीचा माणूस उंद्रीच्याच रेडिओतून बोलत होता आणि तो रेडिओ माझ्या टेबलावर होता. पुढं तो ज्वारीच्या बियाण्याबद्दल सांगत होता, कणसं कशी निवडायची, राख कधी लावायची. पण माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: या वेळी पंचायतीच्या ओट्यावर कोण कोण बसलं असेल? पाचेक मिनिटांत भाषण संपलं. मी काय ऐकलं म्हणाल तर पहिली दोन वाक्यं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं रेडिओ घेऊन निघालो. ओट्याजवळ पोचलो तेव्हा शिंपी मशीनवर होता आणि त्याच्या दुकानासमोर एक सडसडीत, चाळिशीतला माणूस उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल. शिंप्यानं ओळख करून दिली, ‘‘हेच काल बोलले रेडूवर. आमी सारे जमलो होतो अठी. बाया बी आल्या होत्या. मंग लोकायले समजलं का रेडू तं तुमी नेला.’’

मी म्हटलं, ‘‘दुसरीकडे नाही का ऐकता आलं?’’

‘‘गावात दुसरा रेडू एकच. तो पाटलाच्या माडीवर,’’ शिंपी म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. माडीवर कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, हे मला सांगायची गरज नव्हती. पंचायतीच्या ओट्यावर सगळे बसत.

तो शेतकरी मात्र रागावला नव्हता, तेच जास्त अवघड होतं. त्यानं विचारलं, ‘‘तुमी ऐकलं का, साहेब?’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हणालो. इथं खोटं बोलायला हवं होतं.

त्याचा चेहरा उजळला. ‘‘कसा आला माहा आवाज? मी त रेडूवाल्यायच्या मशीनसमोर बोललो अन् घरी आलो. मले काई ऐकवलंच नाई त्यायनं. काय काय ठेवलं, सांगा ना.’’

एव्हाना दहा-बारा माणसं जमली होती. मी म्हणालो, ‘‘मी उंद्रीचा शेतकरी. माझी जमीन चार एकर.’’

‘‘हाव, मंग?’’

‘‘मग... ज्वारीचं बियाणं.’’

‘‘ते त हायेच. राखेचं ठेवलं का? माह्या मायनं राख लावाले शिकवलं, ते ठेवलं का?’’

राख आली होती, हे मला आठवत होतं. आई आली होती की नाही, हे आठवत नव्हतं. मी सांगितलं, ‘‘मी त्या वेळी पत्रक भरत होतो.’’

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग शिंपीच उठला, मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाला, ‘‘तुमीच सांगून टाका ना, दादा. माणूस अठीच हाये, त रेडू काऊन पायजे?’’ शेतकरी आधी लाजला. मग ओट्यावर चढला आणि ताठ उभा राहून ‘मी उंद्रीचा शेतकरी’ इथपासून सुरू झाला. मी समोर जमिनीवर बसलो. या वेळी आई आली, तिनं मडक्यात बियाणं कसं ठेवलं ते आलं, आणि मशीनसमोर वेळ संपल्यामुळं राहून गेलेलं बरंच काही आलं. एका म्हातारीनं मध्येच राखेचं प्रमाण चुकतंय म्हणून भांडण काढलं. ते रेडिओवर झालं नसतं.

माणसं पांगल्यावर मी शिंप्याजवळ बसलो आणि पत्रक उघडून विचारलं, ‘‘एवढ्या चौकटी मोकळ्या का सोडल्या?’’

‘‘शिडी नव्हती, त एरियल कोण पाह्यते? अन् ते भू-काय म्हंता ते मले समजलंच नाई. पाह्यलं नाई, समजलं नाई, म्हून सोडलं.’’

‘‘मी त्याचं ‘नाही’ धरलं.’’

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदविका खिशात लपवावीशी वाटली. त्यानं मापाची वही काढून पान पुढं केलं. ‘‘हे पाहा. या मानसाच्या बाहीचं माप राह्यलं, त जागा मोकळी हाये. म्हंजे त्याले हातच नाई का, साहेब?’’

मी उठलो. रेडिओ लावला. आवाज पुन्हा बारीक. एरियल बरी होती. अर्थची वायर जिथं गाडली होती तिथली जमीन भेगाळली होती. शिंप्यानं दुकानातलं तांब्याभर पाणी आणून तिथं ओतलं आणि आवाज वाढला. ‘आर्द्र’ म्हणजे हे, असं मी सांगितलं. ‘‘ओलं म्हना ना,’’ तो म्हणाला.

बुलढाण्याला येऊन मी रेडिओ केंद्राला पत्र घातलं, ते भाषण पुन्हा लावता येईल का म्हणून. उत्तर आलं की त्या टेपवर दुसरा कार्यक्रम भरला गेला. हे सांगायला मी मुद्दाम उंद्रीला गेलो. शेतकरी शेतात होता, सगळं ऐकून म्हणाला, ‘‘जाऊ द्या. पाणी पिता का?’’ त्याला त्याचा आवाज कधीच ऐकायला मिळाला नाही. हे माझ्या नावावर आहे आणि ते कुठल्या चौकटीत बसत नाही.

नवं पत्रक मी सहा ओळींचं केलं. सुरुवातीला दोन प्रश्नांची उत्तरं आपल्या शब्दांत लिहायची: काय ऐकू यायला पाहिजे होतं, आणि काय ऐकू आलं. मग चार तपासण्या, आणि प्रत्येकीसमोर दोनऐवजी तीन उत्तरं: ठीक, बिघाड, पाहिलं नाही. ‘पाहिलं नाही’ असेल तर का, तेही एका शब्दात. पहिली तपासणी होती, ‘अर्थच्या वायरीजवळ तांब्याभर पाणी ओतून पाहिलं का?’

साहेबांनी चष्मा वर केला. ‘‘सरकारी कागदावर तांब्या?’’

‘‘लोटा लिहू का?’’ मी विचारलं.

त्यांनी सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी त्याचं ‘पाहिलं नाही’ धरलं, आणि सायक्लोस्टाईलवर प्रती काढून वाटल्या.

उत्तरं मग वेगळी येऊ लागली. ‘पाहिलं नाही, शिडी मोडली.’ ‘पाहिलं नाही, वर मधमाश्या.’ निम्म्या तक्रारी पाण्यानंच मिटल्या आणि त्या लोकांनी पत्रक पाठवलंच नाही. त्यामुळं साहेबांना वाटलं की माझं काम कमी झालं, आणि त्यांनी मला जडवस्तुनोंदवहीचं, म्हणजे खुर्च्या-कपाटं मोजून लिहायचंही काम दिलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. वर्षभरात मी त्या पत्रकात पुन्हा पाच प्रश्न वाढवले. उंद्रीच्या शिंप्यानं ते पाचही खडूनं खोडून परत पाठवले, तेव्हा कुठं मी थांबलो.

एकदा बाजाराच्या दिवशी धाड गावी गेलो होतो. तिथल्या पंचायतीच्या दारात दोन माणसं पत्रक मांडीवर घेऊन बसली होती, मी मागं उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकाचं बोट चौकटीवर अडलं होतं.

‘‘इथं काय लिवू बे? मी त वर चढलोच नाई.’’

‘‘मंग तसंच लिव ना,’’ दुसरा म्हणाला. ‘‘त्या साहेबाले आता चालते.’’