तिथी नसलेली आत्या

चुलतभाऊ नव्या कुलवृत्तान्ताचे, म्हणजे आमच्या घराण्याच्या छापील वंशावळीचे फॉर्म गोळा करायला आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस रत्नागिरीच्या उन्हात स्कूटरवरून घरोघर हिंडतो आणि चहासुद्धा नको म्हणतो, म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो. मी फॉर्म भरून ठेवला होता. मुलीच्या रकान्यात 'अविवाहित' लिहिलं होतं. तिनं मुंबईत आम्हाला न विचारता, जातीबाहेर, रजिस्टर लग्न केलं. दोन वर्षं मी तिच्याशी धड बोलले नव्हते. पण ते त्याला सांगायची काही गरज नव्हती.

फॉर्म वाचून त्यानं तो बाजूला ठेवला. "आपलं पान पडताळून बघ," म्हणत त्यानं जुनी आवृत्ती पुढे केली.

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे यादी दिसली की मला आधी संशय येतो. जुन्या काळी सगळ्यांनीच याद्या केल्या. इराककडच्या लोकांनी मातीच्या विटांवर राजे लिहिले आणि पहिल्या राजांना हजारो वर्षं राज्य करायला लावलं. इजिप्तवाल्यांनी देवळाच्या भिंतीवर राजे कोरले आणि नकोशी झालेली एक राणी खुशाल गाळली. आपल्या पुराणांतले वंश तर थेट सूर्यापासून निघतात. जगाचा इतिहास म्हणायचं, उत्पत्तीपासून सुरू करायचं आणि यादी करवून घेणाऱ्याच्या दारात आणून सोडायचं. आमचं पुस्तकही परशुरामानं समुद्र हटवल्यापासून सुरू होतं आणि संपादक मंडळाच्या फोटोवर संपतं. यादीत सांधा कुठे नीट बसलेला नाही ते आधी शोधा, असं मी मुलांना सांगायचे.

आमच्या पानावर तो सापडला. वडिलांची एकुलती एक बहीण, आणि तिच्यापुढे 'बालपणी निधन'. बस्स. बाकी प्रत्येकाला तिथी होती, प्लेगात गेलेल्या सुनेलासुद्धा. आमच्याकडे एक वेळ माणूस विसरतील, श्राद्धाची तिथी विसरायचे नाहीत. मग हिलाच का नाही?

मी उठून माळ्यावरचा पितळी डबा काढला. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती. माझ्या चुलत आत्यांनी तर यजमानांच्या आडनावासकट नावं घालून घेतली होती. या डब्यावर मात्र माझ्या लग्नाची तारीख आणि नुसतं 'भाचीस, आत्याकडून'. तेव्हा वडिलांना विचारलं होतं. "असेल कुणी लांबची," म्हणून ते मांडवात निघून गेले होते.

जुन्या आवृत्तीचे संपादक या भावाचे वडील, आणि त्यांच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी डबा भावापुढे आदळला.

"मेलेली पोर डबे पाठवते होय रे? तुझ्या बाबांनीच हे केलं ना?"

त्यानं पिशवीतून एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. "बाबांनी नुसतं छापलं गो ताई. लिहून काकांनी दिलंन्."

अक्षर माझ्या वडिलांचं होतं. ज्या हातानं माझ्या पाटीवर श्री काढून दिला, त्याच हाताचं.

"परजातीतल्या मास्तरांशी लग्न केलंन् तिनं," तो म्हणाला. "मुरुडास होती. बाबा गुपचूप जाऊन यायचे तिच्याकडे. तुला सांगायचं नाही म्हणून काकांनी त्यांना शपथ घातलीन्. ती गेली तेव्हाही तुला कळू दिलं नाहीन्."

मला वडिलांचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवरून माणूस उडवायला निदान छिन्नी लागते. यांनी दोन शब्दांत बहीण मारली होती.

भावानं माझा फॉर्म हळूच माझ्याकडे सरकवला.

"तुझी लेक भेटत्ये मला मुंबईत. गेल्या महिन्यात जेवायला होतो तिच्याकडे. हा छापू असाच?"

म्हणजे तो यासाठीच आला होता. माझा संशय खरा होता, आणि मला तोंड वर करवेना.

मी 'अविवाहित' खोडलं आणि पेन तिथेच अडलं. जावयाचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं, पण त्याला विचारायची लाज वाटली. मी लेकीला फोन लावला.

"जावयाचं पूर्ण नाव सांग, वडिलांच्या नावासकट."

 अगदी माझ्याच संशयी सुरात तिनं विचारलं, "कशाला हवंय तुला?"