यमुताईंच्या तंबूची लाइन

देवरावची तारीफ करायले मी बसलो नाही, आधीच सांगून ठेवतो. माणूस मोठा कटकट्या. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत मी, चंपत, गाड्यांचे सीटकव्हर शिवतो, अन् बाजूच्या दुकानात तो गाड्यांची वायरिंग करते. त्याचं गाव मौद्याजवळचं. बायको, जिजाबाई, डबा घेऊन आली की तिच्यावर खेकसते, "एवढ्या उन्हात काहून आली वं?" अन् तिले यायले उशीर झाला तर दहादा रस्त्याकडे पाहते. ज्या साहेबांची ही गोष्ट, ते मार्तंडराव आता पुण्याले पोरीकडे राहतात, म्हणून आज हे बोलून राहिलो. नाहीतर माहं तोंड बंदच होतं.

मार्तंडराव सरकारी हापिसातून रिटायर झालेले. जंगलात, डोंगरात चालणारी त्यांची मोठ्या चाकांची जीप होती. तिच्या टपावर त्यांनी घडीचा तंबू बसवून आणला. शिडी लावा, वर चढा, झोपा. मले हसू आलं. "साहेब, घरी पलंग नाही काय?" तेवढ्यात त्यांच्या मिसेस, यमुताई, दाराले धरून गाडीतून उतरल्या. दोन पावलं टाकली अन् धाप लागून थांबल्या. मग कायचं हसू अन् कायचं काय.

त्यांची फुफ्फुसं पार कामातून गेली होती. दिवसा कसंबसं चालायचं, पण झोपताना तोंडावर मास्क बांधून श्वास देणारी मशीन लागे. मशीन बंद, तर जिवाले धोका. नळी हातभर, म्हणून मशीन उशाशीच पाहिजे. त्यांचं माहेर रामटेकचं. लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर झोपायच्या, डोळे उघडले की समोर गड.

"एकदा, फक्त एकदा तसं उघड्यावर झोपायचंय हो," त्या देवरावले म्हणाल्या. "खिंडसी तलावापाशी. डॉक्टर म्हणतात, थंडी पडली की मला घराबाहेर हलवता येणार नाही."

"अन् शिडी कशी चढान बाई?" मी विचारलं.

"एका पायरीवर बसायचं, मग दुसरीवर. घाई कुणाला आहे?" म्हणून त्याच हसल्या.

देवरावनं काम अंगावर घेतलं. तंबूसाठी वेगळी बॅटरी लावली, नाहीतर सकाळी गाडीच चालू व्हायची नाही. सीटखाली इन्व्हर्टर ठेवला. मागच्या दाराच्या कडेकडेनं जाड वायर टपावर नेली, पत्र्यानं घासू नये म्हणून भोकाले रबर बसवलं. एक दिवस दुपारभर त्यांची मशीन चालवून पाहिली अन् बॅटरी लहान पडते म्हणून मोठी आणली. मग मान खाली घालून यमुताईंले विचारते, "ताई, कोणत्या कुशीवर झोपता?" त्या म्हणाल्या डाव्या. त्यानं प्लग डाव्या बाजूले बसवला.

अन् आली खांडेनवमी. आमच्या गल्लीत त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं ठेवतात. मग दसऱ्याच्या पूजेपर्यंत कोणी पान्ह्याले हात लावत नाही. माही कैचीसुद्धा पाटावरच होती. पूजा आटोपली अन् मार्तंडराव यमुताईंले घेऊन हजर.

"आज हिला फार बरं वाटतंय हो, देवराव. आजच निघावं म्हणतो. जमेल?"

काम काय राहिलं होतं? वायरीच्या दोन टोकांले थिंबल, म्हणजे तांब्याच्या टोप्या, पक्कडीनं दाबून बॅटरीले जोडायचे अन् फ्यूज बसवायचा. कपातला चहा थंड होईस्तोवरचं काम. पण पक्कड देवीसमोर, हळद लावलेली.

देवराव पाटाकडे पाहत उभाच राहिला. मले राग आला. "अबे, उचल ना! देवी काय खाऊन टाकते काय तुले?" त्याचा हात पक्कडीपर्यंत गेला.

"नको हो देवराव," यमुताई म्हणाल्या. "पूजेतली हत्यारं उचलू नका माझ्यासाठी. उद्या दसरा, दिवसही चांगला. उद्याच जाऊ."

"हो, उद्याच जाऊ," मार्तंडरावही म्हणाले. दोघांनी प्रसाद घेतला अन् जीप दुकानातच ठेवून ऑटोनं घरी गेले.

दसऱ्याच्या पहाटे यमुताईंचा श्वास अडला. दवाखान्यात नेलं, पण दुपारच्या आत खेळ खलास. आम्ही घाटावर गेलो तेव्हा रस्त्यानं लोक सोनं वाटत फिरून राहिले होते.

तेरवी झाल्यावर मार्तंडराव एकटेच आले. जीपवर हात ठेवून उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. म्हणाले, "देवराव, मला झोप नाही हो. खरं सांगा, त्या दिवशी किती काम राहिलं होतं?"

देवरावनं वर पाहिलं नाही. "बम काम होतं साहेब. हत्यार उचललं असतं तरी त्या दिवशी झालंच नसतं."

"खरंच?"

"बसा इथं. डोळ्यानं पाहा."

अन् मग त्या माणसानं जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. सीट बाहेर काढली. दाराचं अस्तर उचकटलं. स्वतःच्या हातानं नेटकी बसवलेली वायर, "हे नुसतं मापासाठी टाकलं होतं साहेब" म्हणत, टपापासून खालपर्यंत उपसून काढली, अन् मार्तंडरावांच्या पुढ्यात पुन्हा पहिल्यापासून टाकायले बसला. एकेक क्लिप, एकेक स्क्रू. जिजाबाईचा डबा तसाच पडून. मी आपला दुकानात शिवणमशीनवर खाली मान घालून बसलो, कारण मले रडू येऊन राहिलं होतं.

दिवस कलला तेव्हा त्यानं शेवटचा थिंबल दाबला अन् तंबूत बल्ब लावून दाखवला.

मार्तंडरावांनी वर बल्बाकडे पाहिलं. "बरंच काम होतं हो," ते म्हणाले. "मला वाटत होतं, मीच हट्ट धरायला हवा होता. एवढ्यासाठी तिची रात्र गेली."

"नाही साहेब. तुमच्या हट्टानं काही झालं नसतं."

त्यांनी स्वतःहून चहा मागितला, पिला, अन् जीप घेऊन गेले.

देवराव फरशीवरच बसला. मी बाजूले जाऊन बसलो.

"तुले माहीत आहे ना गा, चंपत, किती काम होतं?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण त्याच नको म्हणाल्या ना गा."

"हो," तो म्हणाला. "त्या नको म्हणाल्या, अन् मले बरं वाटलं."