दुसऱ्या भागातली सातवी चूक

मी याद्या करणारी बाई आहे. गावाला जाताना काय घ्यायचं, कोणतं धान्य कधी उन्हात घालायचं, कोणाकडे कोणतं पुस्तक गेलं आहे, सगळं लिहून ठेवते आणि काम झालं की ओळ खोडते. एका जुन्या वहीत मात्र एक न खोडलेली यादी आहे. चामोर्शीला नोकरीला असताना पाहिलेल्या एका सिनेमातल्या चुकांची. सहा चुका लिहिल्या आहेत, सातचा आकडा घातला आहे आणि पुढे ओळ कोरी आहे. त्या कोऱ्या ओळीवर माझी एकुलती एक मैत्रीण तुटली.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मी पंचविशीची होते आणि एका नव्या धरणासाठी उघडलेल्या कचेरीत कारकून होते. वाढले चंद्रपूरच्या खाण वसाहतीत, त्यामुळे खेडं मला फक्त एसटीच्या खिडकीतून माहीत होतं. पण अक्षर चांगलं होतं आणि लिहिण्यावर श्रद्धा होती. ती बाबांची. ते धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतले. म्हणायचे, "माह्या बापाचं नाव कोन्या कागदावर नव्हतं, म्हून ज्याले वाटलं त्यानं उठवलं. तू लिवाले शिक. कागदावर नाव असलं का मानसाले नाई म्हनता येत नाई."

खोलीत माझ्याबरोबर प्राथमिक शाळेतली एक मास्तरीण राहायची. नदीकाठच्या गावातल्या, मासे धरणाऱ्या घरातली. वर्गात छापील बोलायची आणि खोलीत आली की चप्पल काढता काढता भाषाही काढून ठेवायची. आमचा एकच शौक होता, सिनेमा. बाजाराजवळच्या धान्याच्या गोदामात व्हिडिओ सुरू झाला होता. खिडक्यांना बारदान, खाली सतरंज्या, बायकांची बाजू वेगळी. सिनेमा पाहून आलो की मी वही काढायची, ती चुका सांगायची आणि मी आकडे घालून लिहायची.

त्या काळात तिकडे एका सिनेमाने वेड लावलं होतं. कुठला तरी परदेशी, हिंदीत बोलायला लावलेला. अंगावर वीज पडून शक्ती आलेला एक माणूस, हातात कोपरापर्यंतचे लाल मोजे. खरं नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला हातमोजेवाला म्हणत. पहिल्या भागात तो खाणीत अडकलेल्या मजुरांना बाहेर काढतो. मी खाण वसाहतीतली, मी रडले. ती म्हणाली, "रड, पन लिव. डोहातून निंगाला तरी मोजे कोरडे. चूक नंबर एक." त्या भागाच्या अकरा चुका झाल्या आणि आम्ही दोघी त्याच्या भक्त झालो.

मग उन्हाळा आला. शाळा सुटली. जायच्या दिवशी ती म्हणाली, "मी नदीवर चालली. शाळा लागली का येतो." मला वाटलं, गाव नदीवर आहे म्हणून तसं म्हणते. ती गेल्यावर तिच्या गुंडाळलेल्या गादीवर बोरीची एक काटेरी डहाळी दिसली. बोटाला टोचली. घरमालकिणीच्या बकऱ्यांचा चारा इकडे कसा आला, असं पुटपुटत मी ती फेकून दिली. जूनमध्ये तिने आल्या आल्या विचारलं, "माह्या खाटेवरची बोराटी कुठी गेली वो?"

"तो कचरा? फेकला."

"फेकला! बापा!" ती पोट धरून हसली. "तरी आली पाहा मी." मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्याच मे महिन्यात आम्ही बुडणाऱ्या गावांच्या घरांची यादी केली. मी आणि आमचे मोजणीदार, ज्यांना कचेरीत सगळे भाऊ म्हणत; पन्नाशीचे, पान खाणारे, कामाला चोख. नियम सोपा होता. वस्ती असलेल्या घराला नव्या गावठाणात जागा; कुलूप असेल तर 'बंद' लिहून पुन्हा चौकशी; आणि कुलूप नाही, भांडी नाहीत, चूल थंड, तर 'रिकामे'. रिकाम्या घराला जागा नाही. रिकामे लिहिण्याआधी दोन वेगळ्या दिवशी जाऊन पाहायचं, असंही नियमात होतं.

तिच्या गावी गेलो तेव्हा ती भेटेल असं वाटलं होतं. भेटली नाही; तिचं घर कोणतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. नदीकडच्या टोकाला नऊ घरांची एक ओळ होती. एकालाही कुलूप नव्हतं. दारांत काटेरी फांद्या आडव्या पडल्या होत्या, आत भांडं नव्हतं, चुलीत राख नव्हती. एका म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "नदीवर गेले." मासे धरायला गेले असतील, असं मी धरलं. पण भांडी घेऊन कोण मासे धरायला जातं? घरं सोडलीच असणार. ऊन मी म्हणत होतं. सकाळी एक खेप केली, संध्याकाळी त्याच दिवशी दुसरी. कागदावर मात्र दोन तारखा टाकल्या. नऊ ओळींपुढे सुवाच्य अक्षरात 'रिकामे'. दुपारी झाडाखाली बसलो तेव्हा बरोबरचा शिपाई रेतीतल्या वाडीवरून एक डांगर, म्हणजे तिकडचं खरबूज, घेऊन आला होता. तिथल्या बाईने असंच दिलं म्हणाला. थंड, साखरेसारखं. मी दोन फोडी खाल्ल्या. यादी मुदतीच्या तीन दिवस आधी पुरी झाली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

दिवाळीच्या आधी यादी ग्रामपंचायतीत लागली. हरकतींची मुदत दिवाळीनंतर संपली. आमच्या खोलीत त्यावर एक शब्द झाला नाही.

आणि मग हातमोजेवाल्याचा दुसरा भाग आला. रविवारी दुपारी आम्ही दोघी गेलो, मोजणीदार भाऊही भेटले. सुटल्यावर तिघं चहाच्या टपरीवर बसलो आणि मी वही उघडली.

"एक," ती म्हणाली, "मागच्या भागात दुष्मन मेला होता. जिता कसा झाला?"

"त्याचा जुळा भाऊ असन," भाऊ म्हणाले.

"मंग त्याले मागच्या गोष्टी कशा ठाऊक? दोन, हिरोईनचे केस. पुरात वाहून गेली तरी वेणी जशीच्या तशी. आमच्या शाळेतल्या पोरींची प्रार्थनेपर्यंत टिकत नाई."

सहाव्या चुकीला गोष्ट राजकारणावर आली. पहिल्या भागात मजुरांबरोबर भाकर खाणारा माणूस या भागात मंत्र्याच्या गाडीतून फिरत होता. ती चिडली होती. "ह्याले कामावर ठेवलं कोन? कोनाले वाचवाचं हे मंत्री सांगते अन् हा हात वर करते."

"बाई, मंत्र्याशिवाय काम होते का?" भाऊ म्हणाले. "तुमच्या शाळेचं छप्पर झालं का त्याच्याशिवाय?"

"छप्पर अजून झालंच नाई, भाऊ."

आम्ही हसलो. मग तिने सातवी सांगितली. सिनेमाच्या शेवटी धरण फुटतं. शहर बुडणार, एवढ्यात हातमोजेवाला दोन्ही हातांनी पाणी अडवतो आणि बाजूच्या दरीत वळवतो. मंत्री म्हणतो, दरी तर रिकामी होती. हार घालतात. संपला.

"सात," ती म्हणाली. "दरी रिकामी हाये हे पाह्यलं कोनं?"

मी आकडा घातला आणि पेन थांबवलं. "ही चूक नाही. त्याला लांबचं दिसतं. त्याने पाहिलं असेल."

"त्या दरीत नदी होती वो. जिथी नदी, तिथी मानूस. मासे हायेत, रेती हाये, अन् मानूस नाई?"

"एका बाजूला लाखांचं शहर, दुसऱ्या बाजूला कोणी नाही. हिशोब सरळ आहे."

"कोनी नाई हे तू म्हनतं! काठाले डोंगा बांधला होता, मी डोयानं पाह्यला. डोंगा हाये म्हन्जे मानूस हाये."

असली कुठली होडी भाऊंना दिसली नव्हती आणि मलाही नाही. ती उठलीच. आम्हाला घेऊन परत गोदामवाल्याकडे गेली आणि मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "शेवट परत लावा जरा. तपासायचं आहे." त्याच्या दोन्ही मुली तिच्या वर्गात होत्या. त्याने कॅसेट मागे फिरवली. माणसं उलटी पळाली, पाणी धरणात परत गेलं. मग दरी आली. ती टीव्हीजवळ उभी राहिली आणि काचेवर बोट ठेवलं. खरंच होता. काठाला, झाडाच्या मुळीला बांधलेला एक लहानसा डोंगा. डोळ्याची पापणी लवेपर्यंत, आणि वरून पाणी.

"आता लिव," ती मला म्हणाली. आनंदाने लाल झाली होती.

भाऊंना हार मानवली नाही. म्हणाले, "डोंगा असन, पन मानूस तर दिसत नाई नं? पंचनाम्याले गेलो तर रिकामंच लिवा लागन. आपन नाई लिवली का बाई, ते नदीच्या टोकाची नऊ घरं? दारात बोराटी टाकून पळाले होते लोक. वाडगंसुद्धा ठेवलं नव्हतं."

तिचं बोट अजून काचेवरच होतं. टीव्हीवर मंत्री हार घालत होता.

"कोनत्या गावची?" तिने विचारलं.

भाऊंनी गाव सांगितलं. ती कोणत्या गावची हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या क्षणापर्यंत ते टोक आणि तिचं घर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्याच नव्हत्या.

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "बोराटी टाकते म्हन्जे घर सोडलं नाई वो. कुत्रं, बकरं आत जाऊ नये म्हून टाकते. येनार असते मानूस. उन्हाळाभर रेतीत डांगरवाडी असते आमची, तिथीच झोपडी, तिथीच चूल. चार महिने नदीवरच राह्यते सगळे."

"तू सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले.

"दिवाळीत माय म्हने, पंचायतीत यादी लागली, पाहून ये. मी म्हनलं, पाहाचं काय? यादी तिनं केली हाये." मग पुन्हा म्हणाली, "तू केली म्हून मी पाह्यली नाई."

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभी होते. साहेबांनी कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले. दोन भेटी, दोन तारखा, माझी सही. हरकत आलेली नाही, मुदत संपलेली. ते म्हणाले, "बाई, तुमची यादी इतकी व्यवस्थित आहे की तिच्यात शंकेला जागाच नाही." दोन्ही खेपा एकाच दिवशी केल्या हे मी त्यांना सांगितलं, मग लिहूनही दिलं. तीन अर्ज केले. मला ठपका मिळाला. नऊ घरांना काही मिळालं नाही. नव्या गावठाणातले चुन्याचे पट्टे तोवर आखून झाले होते.

पहिल्याच आठवड्यात, अर्जांचा निकाल लागायच्या आधी, मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. तिची माय अंगणात बसून नदीवर न्यायची भांडी बांधत होती. पाणी ओसरलं होतं, वाडी लावायचे दिवस आले होते. तिच्या दारातून नदी दिसत होती. रेती दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकी जवळ.

मी जे ठरवून गेले होते ते क्रमाने सांगितलं. नियम काय, मी काय केलं, पुढे काय होऊ शकतं. तिने गाठ मारता मारता सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाई, त्या दिवशी झाडाखाली तुमीच बसल्या होत्या का?"

"हो."

"डांगर पाठवलं होतं मी तुमाले. शिपाई म्हने, पोरगी उन्हातानाची फिरून राह्यली." तिने गाठ घट्ट ओढली. "गोड निंगालं का?"

गोड होतं, एवढं मी सांगू शकले. माझी मैत्रीण पाठ करून उभी होती.

त्यानंतर आम्ही एका खोलीत दीड महिना राहिलो. ती स्वयंपाक करायची, माझं ताट वाढायची, पाणी भरायची. मला वो म्हणणं तिने सोडलं. शाळेतल्या भाषेत बोलायची. "तुम्ही जेवून घ्या." त्या शुद्ध मराठीने मी रोज थोडी थोडी मरत होते. एकदा मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "सातवी तू म्हणशील तशी लिहिते." तिने वहीकडे पाहिलं आणि पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या.

तिने सिरोंचाकडे बदली मागून घेतली. तिकडे मामा होता, मायलाही तिकडेच नेणार होती. जायचा दिवस मला सांगितला नव्हता. कचेरीतून आले तर खुंटीवरचा आरसा नव्हता, ट्रंक नव्हती. खाटेची नुसती सुंभाची वीण दिसत होती. माझं जेवण झाकून ठेवलेलं होतं.

मी खाटेवर हात फिरवला. खाटेखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं, उंबऱ्याबाहेर पाहिलं. मग घरमालकिणीला हाक मारून विचारलं, आज तुम्ही आमची खोली झाडली का, काही काटेरी डहाळी वगैरे कचऱ्यात टाकली का.

"नाई बाई," ती म्हणाली. "मी तर आज ह्या बाजूले आलीच नाई."