न उघडणाऱ्या फायलींचे मावसाजी

आमच्या मावसाजींसमोर उघडली नाही अशी फाईल अजून जन्माला यायची आहे. सानगडीला त्यांचं घर, गावाबाहेर धानाच्या बांध्या, गोठ्यात दोन गायी. पण जीव सगळा बैठकीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. ते पान खात नाहीत, तरी पितळी पानडबा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. डब्यात चुन्याच्या वाटीत पीडीएफ उघडणाऱ्या प्लग-इनचा पेन ड्राइव्ह, काताच्या वाटीत गाण्यांचा आणि सुपारीच्या खणात हलत्या चित्रांचा. कुणाकडेही गेले की पाण्याचा गिलास हातात यायच्या आत विचारतात, "तुमच्याकडं ब्राउजर कोन्ता?" एकदा भंडाऱ्याला माझ्या शेजाऱ्यांकडे सांत्वनाला म्हणून गेले आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तीन प्लग-इन बसवूनच उठले. शेजारी अजून त्यांची आठवण काढतात.

हे प्लग-इन म्हणजे काय, असं मी एकदा विचारून बसलो. मावशीने डोळ्यांनी खुणावलं होतं, पण उशीर झाला होता.

"ब्राउजर म्हंजे लग्नघरचा मालक," ते म्हणाले. "त्याले सोताले लिवलेलं वाचता येते, फोटो दाखवता येते, बस. मंग गानं आलं, पीडीएफ आली, तं तो काय करन? पाव्हना म्हंजे फाईल, तिच्या नावाची शेपटी पाहते अन् ज्याचं काम त्याले हाक मारते. हाकेले उठते तो प्लग-इन. कोनी उठलंच नाही तं पाव्हना दारातच उभा राह्यते. मले ते पाहवत नाही."

खरोखरच पाहवत नसे. हलत्या चित्रांचं ते जुनं प्लग-इन कंपनीने कायमचं बंद केलं त्या दिवशी मावसाजी दुपारी जेवले नाहीत. मावशीने ताट झाकून ठेवलं आणि मला फोन केला, "तुझे मावसाजी घरचं कोनी गेल्यावानी बसून आहेत, तू जरा ये." मी गेलो. ते नुसते म्हणाले, "कामाचा होता रे."

मुलीच्या साक्षगंधाच्या बोलणीत तर त्यांनी कहरच केला. पाहुणे बसलेले, पोहे आलेले, आणि यांनी होणाऱ्या जावयाला शिक्षण, नोकरी काही न विचारता एकच प्रश्न टाकला, "फाईल नाही उघडली तं काय करता?" मुलगा नागपूरचा, सरळ. म्हणाला, "परत पाठवा म्हणतो." मावसाजींचा चेहरा पडला. दाराआड मुलीचाही पडला, कारण तिला तो मनापासून आवडला होता. मावसाजी बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे निवडत राहिले आणि मग व्याह्यांना म्हणाले, "बरं हाय. तुमच्याकडं उघडनारा मानूस नाही, आमच्याकडं हाय. जमलं समजा."

आता ब्राउजर सगळं आपलं आपणच उघडतो. लोकांकडे फोन आले, पीडीएफ बोटाने उघडते, गाणी आपोआप वाजतात. मावसाजी पानडबा घेऊन जातात आणि चहा पिऊन परत येतात. डबा उघडायची वेळच येत नाही, हे मला फार लागतं.

गेल्या महिन्यात मी नागपूरला त्या मुलीकडे उतरलो होतो. तिच्या लॅपटॉपवर विजेचं बिल स्वच्छ उघडलेलं होतं आणि ती फोनवर सांगत होती, "बाबा, हे बिल तं उघडूनच नाही राहिलं." मी पाहतोय हे लक्षात आल्यावर तिने हसून तोंडावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी मावसाजी बसने हजर. पोरीने आधीच बंद करून ठेवलेलं बिल त्यांनी मोठ्या कष्टाने उघडून दाखवलं, जेवले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यासोबत परतीच्या बसमध्ये चढले. पानडबा मांडीवर होता. शहर मागे पडलं तसं मला राहवलं नाही.

"मावसाजी, तिच्याकडे सगळं उघडतं."

"मले माहीत नाही काय?"

"मग काहून जाता?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. डब्याचं झाकण त्यांनी उगाच दाबून नीट बसवलं.

"पोरगी हाक मारते ना रे," ते म्हणाले. "उठा लागते."