अन्सार मिस्त्रीचं नाक

आडगाव नाक्याजवळच्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजात अन्सार मिस्त्री शुक्रवार सोडून कधी अत्तर लावत नसे. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला हा माणूस चाळीस वर्षं ट्रकचा धूर हुंगत आला होता, आणि नाक हेच त्याचं पहिलं हत्यार होतं. ते बिघडू नये म्हणून तंबाखू नाही, पान नाही. गाडी आली की तो मालकाला बोलू देत नसे आणि ड्रायव्हरलाही नाही. इंजिन थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालू करायचं आणि पहिला धूर स्वतः हुंगायचा. कच्चं डिझेल, जळकं ऑइल, भेसळीचं रॉकेल, सगळं वासावरून ओळखायचा. पण देवाने दिलेल्या ह्या देणगीचा जाचही कमी नव्हता. जगातली निम्मी घाण त्याच्याच नाकात येऊन बसायची, आणि घाण करणाऱ्या माणसांची तर त्याला मनस्वी किळस होती. नाकाने कांदे सोलतो म्हणून लोक त्याला हसत.

त्या सोमवारी पिंपळगावच्या खंडेराव शेठचा ट्रक आला. खंडेराव कांद्याचे व्यापारी, घरची शेतीही मोठी. नाकाला रुमाल लावून ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. ड्रायव्हर नाथा, चांदवडकडचा, वीस वर्षं त्यांच्याच गाडीवर. तो उतरला तो मान खाली घालूनच.

"अन्सारभाई, ह्याने टाकीत मुतून ठेवलंय," शेठ उतरता उतरताच म्हणाले. "पुन्हा सुट्टी दिली नाही म्हणून. त्या युरियाच्या टाकीत! मार्केटात सगळ्यांसमोर सांगितलं मी ह्याला."

नव्या गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यातलं पाणी धूर साफ करतं. ड्रायव्हर लोक त्याला युरिया म्हणतात, आणि ते पंपावर बंद कॅनमध्ये मिळतं.

"म्या नाय केलं, उस्ताद," नाथा म्हणाला. "पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. व्याह्याचा भाऊ त्याच मार्केटात गाडी भरतो. आता समदे मला मुतऱ्या म्हणत्यात. व्याह्यांनी काल फोन करून इचारलं, खरं हाय का म्हणून."

"बस. दोघांनीही तोंड बंद ठेवा," अन्सार म्हणाला.

तासाभराने त्याने इंजिन चालू करायला लावलं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी वाकला. वास नव्हता तो, थोबाडीत होती! सार्वजनिक मुतारीत भर उन्हात कोंडून घातल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. शेठचं खरंच असेल की काय, असं क्षणभर त्यालाही वाटून गेलं. पण तो पुन्हा वाकला, कारण त्या घाणीच्या मागे आणखी काहीतरी होतं. जळकं, कडू. लहानपणी आई डास पळवायला घरात धुरी करायची, तसलं.

त्याने टाकीचं झाकण काढलं, नळीने थोडं पाणी बाटलीत घेतलं आणि उजेडात धरलं. चोख पाणी काचेसारखं असतं. हे गढूळ होतं, वर तेलाचा बारीक तवंग. त्याने झाकणावर नाक नेलं आणि सरळ उभा राहिला.

"शेठ, इकडे या. हुंगा."

"मी? शी!"

"हुंगा म्हणतो ना!"

खंडेरावांनी तोंड वाकडं करत रुमाल बाजूला केला आणि बाटलीवर नाक नेलं. तीस वर्षं जो माणूस शेतात खताची पोती फोडत आला, त्याला तो वास कोणी सांगायला नको होता. शेतातल्या युरियाला निंबोळीचं तेल चोळलेलं असतं. ते तेल माणसाच्या मुतात येत नाही.

"पोत्यातला युरिया घातला ना?" अन्सारने विचारलं.

"नाथा गावी गेला होता तेव्हा मीच कालवला, विहिरीच्या पाण्यात," शेठ पुटपुटले. "कॅनवरही युरियाच लिहिलंय की. गोदामात पोती पडलेली, म्हटलं विकत कशाला घ्या." मग त्यांना हसू आलं. नाथाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "जाऊ दे रे, घरातली गोष्ट. मार्केटात काही बोलायची गरज नाही."

त्या हसण्याची अन्सारला धुरापेक्षा जास्त शिसारी आली. धुराला निदान आपण काय करतो ते कळत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!

"जिथे थुंकलात तिथेच जाऊन पुसा," तो म्हणाला. "तोवर मी गाडीला हात लावणार नाही."

"अहो, काय बोलू मी तिथे? व्यापारी आहे मी. हसतील लोक."

नाथाने खिशातून गाडीची किल्ली काढून बंपरवर ठेवली आणि अन्सारपुढे हात पसरला. "उस्ताद, ती बाटली द्या."

अन्सारने बूच घट्ट लावलं, फडक्याने बाटली पुसली आणि त्याच्या हातात दिली. मार्केटात सगळे कांदेवाले. प्रत्येकाच्या गोदामात युरियाची तीच पोती. हुंगलं की कोणालाही कळलं असतं.

पिंपळगावकडे जाणाऱ्या टेम्पोला नाथाने हात केला आणि बाटली मांडीवर धरून तो पुढे बसला.

"अरे नाथा! गाडी कोण नेणार?" खंडेराव रस्त्यापर्यंत धावले.

"तुम्हीच न्या, शेठ," अन्सार हात धुता धुता म्हणाला. "वास तुमचाच आहे."